सही करण्याआधी

कोल्हापूर

चि. धाकटी,


भुदरगडची गटशिक्षणाधिकारी म्हणून तू गारगोटीला हजर झालीस, हे ऐकून तुझ्या आईपेक्षा जास्त आनंद मला झाला असेल. आजवर वरून आलेला कागद तू भरत होतीस. आता तो तुझ्याच कार्यालयातून निघणार.

वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी शाळा दोनशिक्षकी आहेत. सकाळी ग्रुपवर ‘तातडीचे, आजच दोन वाजेपर्यंत’ असा मेसेज पडला की गुरुजी माहिती भरायला बसतात आणि बाईंच्या अंगावर चारही वर्ग येतात. पुष्कळदा ती माहिती शाळांच्या युडायस पोर्टलवर आधीच भरलेली असते, फक्त नमुना वेगळा. ती तुझ्या कार्यालयातच काढून घे. लिपिकाचा अर्धा दिवस जाईल, जाऊ दे. जिल्ह्यावरून दटावणी आली तर ऐकून घे, पण खाली ढकलू नकोस. या खुर्चीवर बसून शाळेला देता येईल असं सगळ्यात मोलाचं म्हणजे वर्गातला वेळच.

शाळाभेटीत हजेरीपट आणि पोषण आहाराची नोंदवही नंतर बघ. तिसरीतला एक मुलगा माझ्यासमोर धडा घडाघडा म्हणत होता. पान उलटायचं राहिलं तरी थांबला नाही. मधल्याच एका शब्दावर मी बोट ठेवलं आणि तो गप्प झाला. पाठांतर सगळं, वाचन काहीच नाही. असं दिसलं तर बाईंना पोरांदेखत बोलू नकोस. खडू घे आणि तिथंच शिकवायला लाग. तुला ते येतं, म्हणून तर या नेमणुकीचं मला एवढं अप्रूप. शेरेबुकात काय लिहायचं ते त्यानंतर.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आता पोरांची नावं पटावर आहेत. ती वाचतात का, हे बघायचं काम तुझ्याकडे आलंय.

गारगोटीत मौनी विद्यापीठ उभारणारे जे. पी. नाईक शेजारच्या आजरा तालुक्यातले, बहिरेवाडीचे. पुढे १९६४ ते ६६ या काळात ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्यांचं लिखाण मिळवून वाच, परिपत्रकांनी डोकं भरायच्या आत.

आणखी एक. कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत मिसळण्याचे प्रस्ताव तुझ्या टेबलावर येतील. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असं शिक्षणहक्काचे नियम सांगतात. कागदावर अंतर बसतंही. पण पाटगावच्या बाजूला जुलैत ओढे कसे भरून वाहतात, तुला सांगायला नको. प्रस्ताव उन्हाळ्यात आला तर पावसाळ्यापर्यंत थांब. सहा वर्षांचं एखादं पोर बरोबर घे, त्या वाटेनं जाऊन-येऊन बघ आणि मगच सही कर.

तुझा,
मामा