हँडल डुलतं म्हणून कोनसेट आवळू नका

मोटारसायकल सरळ चालेना झाली की तक्रार हँडलाची होते. ‘हँडल ओढतंय’, ‘हँडल डुलतंय’, ‘पुढचं चाक हातात राहत नाही’ असं आपण सांगतो आणि गॅरेजवालाही पाना घेऊन थेट कोनसेटवर, म्हणजे हँडलाच्या दांड्याच्या बेअरिंगवर, वाकतो. माझा अनुभव असा, की दुखणं हँडलात जाणवतं, पण त्याचं मूळ बऱ्याचदा मागे असतं: कॅरिअरवर, मागच्या टायरात नाहीतर मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बुशात.

मी वाशिंदचा. बियाणं आणि जनावरांची औषधं गावोगावच्या दुकानांत पोचवणं हे माझं काम. त्यामुळे शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड हा पट्टा आणि त्याच्या आतले पाडे नेहमीचेच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला. तो आमच्या शहापूर तालुक्यातूनच जातो, पण दुचाकीला तिथे मज्जाव आहे. आमच्या वाट्याला येतो तो अवजड ट्रकांनी भरलेला मुंबई-नाशिक महामार्ग, कुठे डांबर तर कुठे काँक्रीट असलेले तालुक्याचे रस्ते आणि पाड्यांकडे जाणारे मुरमाचे रस्ते. यातला सगळ्यात फसवा म्हणजे उन्हाळ्यातला मुरमाचा. खाली दगडासारखा घट्ट आणि वर सुट्या खड्यांचा थर. टायर जमिनीत रुतत नाही, वरच्या खड्यांवरूनच सरकतो.

एका उन्हाळ्यात खरिपाच्या तयारीमुळे माल वाढला. कॅरिअरच्या मागे लोखंडी जाळी जोडून घेतली आणि जड खोकी तिच्यावर जाऊ लागली. थोड्याच दिवसांत महामार्गावर ट्रक शेजारून गेला की हँडल हलकं पडून डुलायचं आणि मुरमाच्या वळणावर पुढचं चाक वळण्याऐवजी बाहेर सरकायचं. गॅरेजमध्ये दाखवलं. ‘दादा, कोनसेट लूज आहे, आवळून देतो. आणि खडीवर पकड पाहिजे तर हवा थोडी कमी ठेवा,’ असा सल्ला मिळाला. दोन्ही झालं. महामार्गावरचं डुलणं जरा कमी वाटलं. पण कमी वेगात गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाऊ लागली. वळण संपल्यावर हँडल आपोआप सरळ होईना, ते हाताने आणावं लागे. शेवटी डोळखांबच्या बाजूला एका उतारावर, सुट्या खडीच्या वळणात हँडल वळलं तसंच राहिलं आणि गाडी कडेच्या चरात गेली. मनगट मोडलं, औषधाच्या बाटल्या फुटल्या आणि ऐन हंगाम घरी बसून गेला.

गाडी दुरुस्तीला एका वयस्कर मिस्त्रींकडे गेली. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. ‘आधी ती मागची जाळी उतरवा, मग हँडलाचं बघू,’ एवढंच म्हणाले.

त्यांच्या त्या वाक्यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. मोटारसायकलचं हँडल ज्या दांड्यावर फिरतं तो तिरका बसवलेला असतो. ती तिरकी रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला जिथे लागते, त्याच्या थोडं मागे टायर टेकलेला असतो. या अंतराला ट्रेल म्हणतात. त्यामुळे टायर सतत मागून ओढला जातो आणि स्वतःहून सरळ होऊ बघतो, दवाखान्यातल्या स्ट्रेचरची चाकं ढकलाल त्या दिशेला वळतात तसाच. पण हे घडायला दोन अटी आहेत. पुढच्या चाकावर पुरेसं वजन हवं आणि हँडल मोकळं फिरायला हवं. मागच्या एक्सलच्याही पलीकडे ओझं लटकलं की मागचे शॉकअप दबतात आणि पुढचं चाक हलकं होतं. कोनसेट जास्त आवळला की हँडल मोकळं राहत नाही. माझ्या गाडीत या दोन्ही अटी मोडल्या होत्या, वर हवाही कमी होती.

हा नियम डांबर-मुरमापुरताच नाही. गुलमर्गला पर्यटक बर्फावरच्या ज्या स्कूटरवर बसतात, तिला पुढे दोन स्की आणि मागे पट्टा असतो. घट्ट दाबल्या गेलेल्या बर्फावर तीही असाच त्रास देते. वळवली तरी सरळ घसरत जाते, नाहीतर आधीच्या गाड्यांच्या चरांत स्की अडकून हँडलाला हिसके बसतात. अशा वेळी स्कीखालच्या कडक धातूच्या पट्ट्या झिजल्या आहेत का, दोन्ही स्कींची दिशा जुळते का, सांध्यांत ढिलाई आहे का आणि स्कीवर पुरेसं वजन येतं का, हे तपासावं लागतं. आपल्या गाडीचंही तसंच. आधी वजन बघायचं, मग टायर, मग ढिलाई.

वजनापासून सुरुवात करा, कारण त्याला पैसा लागत नाही. जड खोकं सीटवर, शक्य तितकं पुढे घ्या. कॅरिअरवर फक्त हलका माल ठेवा आणि एक्सलच्या मागे काहीही लटकवू नका. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावणाऱ्यांनी ते सारखे भरावेत आणि जमेल तितके खाली बांधावेत. अर्धवट भरलेल्या कॅनमधलं दूध हिंदकळतं आणि गाडीला झोका देतं. हँडलाला पिशव्या अडकवण्याची सवय तर सोडाच.

हवा टायर थंड असताना, गाडी चालवण्याआधी भरा. आकडा चेनकव्हरवरच्या किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर मिळतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५ आणि एकट्यासाठी मागे २८ पीएसआयच्या आसपास हवा लागते. मागे माणूस किंवा माल असेल तर मागचा आकडा वाढतो. किती, ते गाडीगणिक वेगळं. हवा कमी ठेवायचा सल्ला चिखल किंवा वाळूतल्या संथ चालीपुरता ठीक आहे. कडक रस्त्यावर तोच टायर बाजूंनी दबतो आणि गाडी डुलते.

टायरला हात लावून बघा. महामार्गावर सरळ धावून टायर मधोमध सपाट होतो. असा टायर वळणात कलताना अडखळतो आणि काँक्रीटच्या खाचा-जोडांवर गाडीला ओढतो. नियमाप्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. मुरमावर फिरणाऱ्याने तिथवर वाट बघू नये.

ढिलाई घरच्या घरी कळते. गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि कुणाला तरी मागे बसवून पुढचं चाक अधांतरी करा. पुढच्या शॉकअपचे दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे हलवा. ‘टक’ असा आवाज आला तर कोनसेट सैल आहे. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर आतल्या वाट्यांना खड्डे पडले आहेत. ते आवळून जात नाहीत, कोनसेट बदलावाच लागतो. चांगल्या बसवलेल्या कोनसेटमध्ये ढिलाई नसते आणि बोटाने ढकललं तरी हँडल दोन्हीकडे सारखं पडतं. मग मागचं चाक धरून आडवं हलवा. चिमट्याचा बुश किंवा चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर तिथेच कळेल. चाक हाताने फिरवून रिमला आऊट आहे का तेही बघा.

चेन ताणून घेतल्यावर एक गोष्ट हमखास राहून जाते. चिमट्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या आहेत का, हे बघायला हवं. एका बाजूची खूण पुढे आणि दुसरीची मागे असेल तर मागचं चाक तिरकं बसतं आणि गाडी एका बाजूला ओढते. पुढच्या शॉकअपला तेलाचा ओघळ दिसला तर सील बदला आणि तेल दोन्ही पायांत सारखं भरून घ्या.

आता चालवण्याविषयी. दोन काँक्रीट पट्ट्यांमध्ये उंचीचा फरक असेल तर कडेला समांतर राहून वर चढू नका. वेग कमी करून जरा कोन घेऊनच ओलांडा. मुरमावर वळणाआधी वेग कमी करा. वळणात पुढचा ब्रेक दाबू नका, गिअर खालचा आणि अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा ठेवा. एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना १२५ सीसीपर्यंत सीबीएस किंवा एबीएस आणि त्यावर एबीएस बंधनकारक झालं. पण खड्यांवर कललेल्या चाकाला या ब्रेक यंत्रणा सावरतीलच असं नाही.

वेगात हँडल थरथरू लागलं तर हात ताठ करून त्याच्याशी झुंजू नका आणि जोरात ब्रेकही मारू नका. ही थरथर सेकंदाला साधारण ४ ते १० वेळा होते, हाताने तिचा पाठलाग करता येत नाही. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, अंग थोडं पुढे झुकवा, पकड सैल ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा. हेल्मेट आयएसआय खुणेचंच हवं आणि त्याचा पट्टा लावलेला हवा. माळशेज घाटात पावसाळ्यातल्या धुक्यात समोरचं वळण दिसत नाही. तिथे वरच्या एकाही दोषासह जाऊ नका.

ही सगळी तपासणी मृगाच्या आधी उरकून घ्या. पण दुरुस्तीत एका वेळी एकच बदल करा आणि त्याच रस्त्यावर, त्याच ओझ्यासह गाडी चालवून बघा. दोन बदल एकदम केले तर पैसे दोन्हींचे जातात आणि दोष नेमका कशात होता, ते मात्र कळत नाही.