दुधाचा दात, पण कोड कोणता?

अमेरिकेत मुलाचा दुधाचा दात काढायची वेळ आली की आपली मंडळी फ्रंट डेस्कला हमखास एकच प्रश्न विचारतात, ‘हे इन्शुरन्समध्ये बसतं ना?’ उत्तर ‘हो’ येतं आणि ते खोटंही नसतं. तरी बिल आलं की घरात वाद होतोच. माझ्या मते तो प्रश्नच अपुरा आहे. कंपनी पैसे देते ते क्लेमवरच्या कोडवर. म्हणून दात काढण्याआधीच विचारावं : कोणता दात, कोणत्या कोडखाली, आणि त्या कोडवर आमचा प्लॅन किती टक्के देतो?

हे कोड अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या सीडीटी यादीतले. मूळ विरघळून गेलंय आणि नुसता वरचा भाग हिरडीला लटकतोय, तर डी७१११. हा दुधाच्या दातांसाठीच आहे. मूळ शिल्लक असलेला दात फोर्सेप्सने सरळ ओढून काढला तर डी७१४०. हाड काढावं लागलं किंवा दाताचे तुकडे करावे लागले तर डी७२१०, म्हणजे सर्जिकल. या क्रमाने दर साधारणपणे चढत जातो. बऱ्याच प्लॅनमध्ये तपासणीला १००, बेसिकला ८० आणि मेजरला ५० टक्के अशी विभागणी असते, आणि काही प्लॅन सर्जिकलला मेजरमध्ये ढकलतात. म्हणजे दर वाढतो आणि टक्केवारी घटते, दोन्हीकडून आपल्याच खिशाला कात्री. दुधाच्या दातांना क्लेमवर ए ते टी अशी अक्षरं असतात. खालचे अगदी पुढचे दोन म्हणजे ओ आणि पी. सहा-सात वर्षांच्या पोराचा ‘ओ’ हलतोय, मागून पक्का दात डोकावतोय आणि एस्टिमेटवर डी७२१० लिहिलंय, तर कारण विचारलंच पाहिजे. उलट ‘के’, म्हणजे खालची डावी मागची दाढ, किडून पोखरलेली असेल आणि तिच्या फाकलेल्या मुळांनी खालच्या पक्क्या दाताची कळी कवेत घेतली असेल, तर तुकडे करूनच काढणं शहाणपणाचं असू शकतं. कोणतं खरं ते एक्स-रे सांगतो, म्हणून त्याची प्रत घरी असावी.

कोणी म्हणेल, डॉक्टरांवर अविश्वास दाखवायचा का? मला यात अविश्वास दिसत नाही. कोड बऱ्याचदा बिलिंगची माणसं भरतात आणि प्रश्न त्यांनाच आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : दात हातात येईपर्यंत मूळ किती उरलंय हे कधी कधी डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही. कबूल. प्री-ट्रीटमेंट एस्टिमेट ही हमी नव्हेच. पण आधीचा कोड लेखी असला की नंतर तो का बदलला हे विचारायला आधार राहतो. ‘एवढ्याशा रकमेसाठी कशाला?’ म्हणणाऱ्यांनी प्लॅनची वार्षिक मर्यादा आठवावी. दाढ वेळेआधी गेली की जागा राखायला स्पेस मेंटेनर लागू शकतो, त्याचा क्लेम वेगळा आणि पैसे बऱ्याचदा त्याच मर्यादेतून. लाफिंग गॅस, म्हणजे डी९२३०, अनेक प्लॅन देतच नाहीत. भूल देण्याचं इंजेक्शन मात्र सहसा दात काढण्याच्या दरातच धरलेलं असतं, ते वेगळं लावलेलं दिसलं तर बोट ठेवावं.

आई-बाबा दोघांच्याही नोकरीतून इन्शुरन्स असेल तर आणखी एक घोळ होतो. एकत्र राहणाऱ्या पालकांमध्ये ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा प्लॅन साधारणपणे मुलासाठी पहिला धरतात. जन्मसाल पाहत नाहीत, त्यामुळे मार्चमधली आई नोव्हेंबरमधल्या बाबांच्या आधी. क्लेम उलटा गेला तर दुसरी कंपनी पहिल्या कंपनीचा ईओबी (एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स, म्हणजे कोणी किती द्यायचं याचा कंपनीने दिलेला हिशेब) मागून क्लेम अडवून ठेवते, आणि तोवर क्लिनिक पूर्ण रकमेचं बिल पाठवून मोकळं होतं. ते लगेच भरू नये. ईओबी हे बिल नव्हे, पण बिल तपासायचं ते त्याच्याशीच. डॉक्टर इन-नेटवर्क असतील तर प्लॅनमध्ये बसणाऱ्या उपचाराला ईओबीवर पेशंटच्या नावे दाखवलेल्या रकमेहून जास्त घेणं त्यांच्या करारात सहसा बसत नाही. दाताचं अक्षर, तारीख आणि कोड जुळवून पाहावेत. चूक क्लिनिकची असेल तर दुरुस्त क्लेम पाठवायला सांगावं. कंपनीनेच नकार दिला असेल तर एक्स-रे आणि डॉक्टरांची टिप्पणी जोडून अपील करावं. खासगी नोकरीतून मिळालेल्या प्लॅनमध्ये त्यासाठी सहसा किमान १८० दिवस मिळतात आणि ते नकाराचं पत्र हाती आल्यापासून मोजतात.