पाणी उतरल्यानंतरचे दिवस

लंडन, २४ ऑगस्ट

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझं बोनहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. 'आत्या, इथल्या बागेत पाणी उतरलंय' असं तू लिहिलं आहेस. त्या एका ओळीवर मी बराच वेळ थांबले. फ्रेंच लोक या अवस्थेला 'वेरेझों' म्हणतात आणि माझ्या दुकानातली मुलं तो शब्द फार जपून उच्चारतात. तुला तो शिकावा लागला नाही. निफाडला दादा थॉमसनचा मणी चिमटीत धरून उन्हाकडे करायचा आणि मणी काचेसारखा दिसला की म्हणायचा, 'उतरलं पाणी.' पिनो न्वारचा मणी हिरव्याचा जांभळा होतो, एवढाच काय तो फरक. तू बागेत वाढलेली मुलगी आहेस. हे तू बरगंडीत विसरशील अशी मला भीती वाटते, म्हणून हे पत्र.

काढणीला आता जेमतेम दोन-तीन आठवडे राहिले असतील. हे दिवस टेस्टिंगच्या खोलीत घालवू नकोस. मालक ज्या सकाळी बागेत नमुना घ्यायला निघेल, त्या सकाळी त्याच्या मागे जा. तो रिफ्रॅक्टोमीटरवर साखर बघेल. तू मणी तोंडात टाक. आधी रस पिऊन टाक आणि दात आंबतात का ते बघ. मग साल दाढेखाली धरून सावकाश चाव. हिरडा चघळल्यासारखं तोंड आवळून आलं तर साल अजून कच्ची आहे. शेवटी बी. हिरवी बी चावली की कडवट तुरटपणा जिभेवर चिकटून राहतो. पिकलेली बी तपकिरी असते, कटकन फुटते आणि भाजलेल्या जवसासारखी लागते. एका मण्यावरून काही ठरवू नकोस. घडाच्या वरचा, खालचा, उन्हाकडचा, सावलीतला असे मणी घे आणि ओळीच्या टोकाच्या वेली सोड, कारण त्या नेहमी पुढे असतात.

या परीक्षेची गरज आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. बोनमध्ये काढणी कोणत्या दिवशी सुरू झाली याच्या नोंदी १३५४ पासून मिळतात. आपल्याकडे तेव्हा बहमनी राज्य नुकतंच उभं राहत होतं. त्या सगळ्या तारखा एकत्र मांडणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शतकानुशतकं काढणी साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यायची. १९८८ नंतर ती सरासरी १३ दिवस आधी येते आहे. २००३ सालच्या उन्हाळ्यात तर ऑगस्टमध्येच कात्र्या बाहेर निघाल्या होत्या. ऊन जास्त झालं की साखर पुढे धावते, आंबटपणा झपाट्याने उतरतो आणि बी मात्र मागे राहते. यंत्र म्हणतं काढा, बी म्हणते थांबा. थांबावं तर पावसाची धास्ती. पाऊस झाला की मणी तडकतात आणि कूज लागते, हे तुला मी सांगायला नको. वाइनचं पुष्कळसं भवितव्य त्या दोन-चार दिवसांत ठरतं. क्लो द वूजो पाहून ये. एका भिंतीआड सुमारे ५० हेक्टर जमीन आणि तिचे ऐंशीच्या आसपास मालक. माती शेजारशेजारची, लेबलावर नाव एकच, पण कात्री लावायचा दिवस ज्याचा त्याचा. मी व्यापारी म्हणून बाटली उघडते तेव्हा त्या दिवसाचा निर्णयच चाखत असते.

आता टेस्टिंगबद्दल. पुढच्या वसंतात तुझे मालक तुला बोर्दोला नेणार आहेत म्हणतेस. तिथे तुला आदल्या वर्षीच्या काढणीची वाइन मिळेल. ती अजून लाकडी पिंपात मुरत असते, कोवळी, जांभळीकुट्ट आणि उग्र. दिवसाकाठी पन्नास-साठ नमुने होतात, दात आणि ओठ शाईत बुडवल्यासारखे दिसतात. पुढच्या काही आठवड्यांत भाव जाहीर होतात आणि व्यापारी पैसे आधी मोजतो. बाटली हातात यायला पुढे दीड-दोन वर्षं जातात. सहा महिन्यांच्या बाळाकडे बघून ते पुढे काय होईल हे सांगण्यासारखंच हे काम आहे. ते जमतं, पण ज्याने त्या बाळाचे आईबाप जवळून पाहिलेत त्यालाच. म्हणून म्हणते, आधी बाग.

माझी एक चूक तुला सांगते. दादालाही कधी सांगितलेली नाही. मी बोर्दोला पहिल्यांदा गेले त्या वर्षी एका मोठ्या घराण्याच्या दिवाणखान्यात एक नमुना चाखला आणि वहीत लिहिलं, 'मधे पोकळ.' पहिला घोट छान आणि शेवटही लांब, पण मधे काहीच नाही. शेजारी एक नावाजलेले गृहस्थ उभे होते. ते पुटपुटले, 'काय रेशीम आहे!' मी माझे दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'रेशमी.' चाळीस पेट्या घेतल्या. तीन वर्षांनी माझं एक जुनं गिऱ्हाईक दुकानात आलं. निवृत्त शिक्षिका, महिन्याला एकच चांगली बाटली घेणारी बाई. तिने अर्धी बाटली काउंटरवर ठेवली आणि अजिबात न रागावता म्हणाली, 'हिच्यात मधे काहीच नाही हो.' मी तिचे पैसे परत केले. रात्री जुनी वही काढली. खोडलेले शब्द शाईखालून अजून वाचता येत होते. ते पान मी आजही जपून ठेवलंय.

तेव्हापासून एक नियम पाळते आणि तो तुलाही लावते आहे. दुसऱ्या कुणी तोंड उघडायच्या आत लिहायचं आणि लिहिलेलं खोडायचं नाही. नंतर मत बदललं तर खाली वेगळ्या ओळीत लिहायचं. डोळ्यांवरही फार विसंबू नकोस. २००१ मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग मिसळून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. ही शिकलेली मुलं होती. नुसत्या रंगाने जर नाक फिरतं, तर घराण्याचं नाव आणि भाव कळल्यावर काय होत असेल? १९७६ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी बाटल्या झाकून फ्रेंच जाणकारांपुढे ठेवल्या, तेव्हा लाल आणि पांढऱ्या दोन्हींत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. स्परियर आपल्यासारखेच व्यापारी होते, पॅरिसमध्ये त्यांचं दुकान होतं. त्या जाणकारांना मी कधीच हसले नाही. नावं झाकली होती म्हणून ते खरं बोलले, आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली.

आणि शब्द. तू लिहितेस, 'सगळे कासिस म्हणतात, मला तो वासच कळत नाही.' कसा कळणार? ते फळ तू लहानपणी खाल्लेलंच नाहीस. तुला करवंद ठाऊक आहे, जांभूळ ठाऊक आहे. कोकम, कैरी, ओली चिंच, पहिल्या पावसातली माती, दादाच्या गोठ्यातलं वाळलेलं गवत, सगळं ठाऊक आहे. आलिगोते प्यायल्यावर तुला कैरीची फोड आठवली तर 'कैरी' असंच लिही. हा शब्द तुझ्या अनुभवातून आलाय, त्यामुळे दहा वर्षांनी वाचलास तरी त्यातून ती वाइन पुन्हा तोंडात येईल. उसना शब्द दुसऱ्या दिवशीच मरतो. गिऱ्हाइकाला सांगताना त्याच्या भाषेत सांगावं लागतं आणि ते तू शिकशीलच. पण आधी तुझं.

बरगंडीच्या तळघरांत बरेच जण लाल आधी देतात आणि पांढरी नंतर, त्याने गोंधळू नकोस. मालक पिपेटने पिंपातून काढून देईल. थुंकायला संकोच करू नकोस, तिथे सगळेच थुंकतात. न थुंकणाऱ्याचं मत दुपारनंतर कुणी विचारत नाही. मालक एखाद्या पिंपासमोर गप्प झाला तर तूही गप्प राहा. बहुतेक वेळा तेच त्याचं लाडकं पिंप असतं.

काढणीला तू स्वतः ओळीत उतरणार आहेस, याचा मला फार आनंद आहे. पण तिथली वेल मांडवावर नसते, जेमतेम गुडघ्यापासून कमरेपर्यंत असते. दिवसभर वाकून राहावं लागेल. पहिले तीन दिवस पाठ रडवेल. वाकण्याऐवजी एक गुडघा टेकून बस. डाव्या हाताची बोटं जप, कात्री घडापेक्षा बोटालाच आधी लागते. आणि उन्हाला हलक्यात घेऊ नकोस. 'मी निफाडची' वगैरे काही नाही. २०२३ मध्ये शांपेनच्या काढणीत, कडक उन्हाच्या दिवसांत, काही कामगार दगावले. तहान लागण्याआधी पाणी पी, डोकं झाक आणि चक्कर आल्यासारखं वाटलं की ओळ सोडून सावलीत ये. कुणी काही म्हटलं तर म्हणू दे.

शेवटच्या दिवशी पोले असते, काढणी संपल्याचं जेवण. मालक, मजूर, स्वयंपाकीण सगळे एकाच टेबलावर बसतात. तिथे वही नेऊ नकोस. तुझ्या शेजारी जो वीस वर्षं त्याच ओळी काढत आलाय त्याला विचार की या वर्षी घड कसा होता, आणि नुसतं ऐक.

गणपती जवळ आलेत. इकडे मोदकाचं सारण मीच करणार आहे. तुझ्या खोलीत निदान एक दिवा लाव. तू काढणीत असशील तेव्हा घरी दादा ऑक्टोबर छाटणीची जुळवाजुळव करत असेल. त्याला फोन करून बी कशी लागली ते सांग, त्याला फार बरं वाटेल. आणि उद्या सकाळी बागेत गेलीस की वहीच्या पहिल्या पानाचा फोटो मला पाठव. मराठीत लिहिलेल्या.

तुझी,
आत्या