तक्त्यातला आकडा आणि ताटातले अन्न

मधुमेहाचा विकार जडला, की माणसाच्या आहाराची सूत्रे घरातील, शेजारातील आणि कचेरीतील यच्चयावत हितचिंतकांच्या हाती जातात, आणि प्रत्येकाचे फर्मान निराळे असते. मजवर हा अंमल सुरू झाला तेव्हा भात वर्ज्य ठरला, साखरेच्या जागी गूळ आला आणि सकाळी नाचणीचे आंबील सक्तीचे झाले. नाचणी पौष्टिक, सबब तिने साखर वाढावयाची नाही, असा त्यामागील युक्तिवाद होता. परंतु वाडगाभर आंबील घेतल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटरने २१४ हा आकडा दाखविला, तेव्हा धान्याच्या कुळशीलावरून त्याच्या वर्तनाची हमी देता येत नाही, हे माझ्या ध्यानी आले.

१९८१ साली टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना मांडली. शुद्ध ग्लुकोजला १०० मानून, तितकेच कर्बोदक पुरविणारा एखादा पदार्थ दोन तासांच्या अवधीत रक्तातील साखर किती चढवितो, याचे ते प्रमाण होय. ५५ वा त्याखालील आकडा कमी, ७० वा त्यावरील अधिक. हरभऱ्याची डाळ, मसूर, राजमा ही मंडळी या तक्त्यात पुष्कळ खाली बसतात, तर पांढरा पाव, उकडलेला बटाटा आणि, पुष्कळांना नवल वाटेल, राजगिऱ्याच्या लाह्या वरच्या अंगाला. गुळाची तरफदारी करणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की तोही मुख्यत्वे साखरच आहे.

तथापि हा आकडा पदार्थाच्या नावाला नव्हे, तर त्याच्या विशिष्ट रूपाला चिकटलेला असतो. आंबिलासाठी नाचणीचे पीठ वस्त्रगाळ करतात, ते पाण्यात शिजून फुलते, आणि पाचकरसांना करावयाचे काम चुलीनेच निम्मेशिम्मे उरकलेले असते. तीच नाचणी जाडसर दळून, मेथीची भाजी व मटकीच्या उसळीसह एका भाकरीच्या रूपाने घेतली, तेव्हा माझ्या यंत्रातील आकडा १६० च्या आत राहिला. भाताचेही तसेच. मऊ गुरगुट्या भात साखर झपाट्याने चढवितो. मोकळा शिजवून गार केलेल्या भातातील काही पिष्ट पचनाला सहजी दाद देत नाही. वरण, ताक, लिंबू यांच्या संगतीत त्याची गती आणखी मंदावते. म्हणून भाताला घरातून हद्दपार करण्यापेक्षा ताटाची तजवीज बदलणे मला अधिक शहाणपणाचे वाटते : अर्धे ताट पालेभाजी व कोशिंबिरीचे, पाव डाळ-उसळीचे, पाव धान्याचे; आणि कोशिंबीर व उसळ आधी, भाकरी वा भात मागाहून.

आता एकादशी. उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर राजगिऱ्याचा लाडू, असा जो थाट आपण मांडतो, त्याला मधुमेह्याच्या दृष्टीने उपवास म्हणणे धाडसाचे आहे. वऱ्याचे तांदूळ मोजके, सोबत दाण्याची आमटी, काकडी आणि ताक, इतक्यावर भागत असेल तर भागवावे. इन्शुलिन वा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र डॉक्टरांच्या संमतीवाचून उपवास करूच नये.

इंडेक्स कमी म्हणजे हवे तितके खाण्याचा परवाना, हाही एक गोड गैरसमज आहे. आइस्क्रीमचा आकडा स्निग्धांशामुळे पुष्कळदा कमीच भरतो. उलट कलिंगडाचा वरचढ असला, तरी त्यात पाणीच फार असल्याने एका फोडीने विशेष बिघडत नाही. जमाखर्च शेवटी प्रमाणाचा असतो, आणि त्याची रुजुवात जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी, स्वतःच्याच रक्ताने घ्यावी. १८० च्या आत राहावे, ही बहुतेकांसाठी सर्वसाधारण मर्यादा.

एका प्रसंगी मात्र हा सारा तक्ता उलटा वाचावा लागतो. घाम, थरथर, छातीत धडधड सुरू होऊन साखर ७० च्या खाली गेली असेल, तर हरभऱ्याची उसळ वा दूध कुचकामाचे. तीन चमचे ग्लुकोजची पूड पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि आकडा वर आल्यावरच जेवावयास बसावे. अकार्बोज ही गोळी घेणाऱ्यांनी तर खिशात ग्लुकोजच बाळगावे. साध्या साखरेचे विघटन ती गोळी रोखून धरते, त्यामुळे ऐन वेळी साखर उपयोगी पडत नाही.