शस्त्रक्रिया झेपणार नाही. मग पुढे काय?

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. तेथील कर्करोगावर मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा. परंतु वय, हृदयविकार वा अशक्तपणामुळे ती झेपणार नाही असे कळले, की नातेवाईक रुग्णाला निमूटपणे घरी आणतात. हे योग्य नव्हे. रोग गेला नाही तरी त्रास कमी करता येतो.

रक्त पडणे व वेदना यांवर किरणोपचार, म्हणजे शेक, गुणकारी ठरतो. काहींना पाच दिवसांचा शेकही पुरतो. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात ही सोय आहे. परभणीहून तेथे थेट रेल्वेने जाता येते.

शौचाचा मार्ग अरुंद झाल्यास आत धातूची जाळीदार नळी बसवितात. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर पोटावर तोंड काढून मल पिशवीत घेतात.

तीव्र वेदनांसाठी मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. या औषधाचे नियम २०१४ च्या कायदादुरुस्तीने सुटसुटीत झाले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेताना व्यसनाच्या भीतीने रुग्णाला तळमळत ठेवू नये. मात्र बद्धकोष्ठ होते, म्हणून सोबत रेचक घ्यावे.

पोट फुगले, वारा सरेना, उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.