पुण्यावर आलेल्या दोन साथी

उंदीर पडला की गाव सोडायचे, असे जुनी माणसे सांगत. आमचे आजोबाही सांगायचे. प्लेग आला म्हणजे लोक घरांना कुलपे लावून माळावर झोपड्या बांधून राहत. प्लेगला कोणी गाठीचा ताप म्हणत. काखेत, जांघेत गाठ येई, ताप चढे आणि चार-सहा दिवसांत माणूस जाई.

ही साथ १८९६ साली मुंबईत आली आणि थोड्याच महिन्यांत पुण्यात पोचली. त्या वेळी इंग्रजांचे राज्य होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्याच्या बंदोबस्तावर रँड नावाचा अधिकारी नेमला. गोरे शिपाई घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले. देवघर, माजघर काही पाहिले नाही. बायामाणसांचा मान राखला नाही. रोग्याला एकीकडे आणि घरच्यांना दुसरीकडे नेले.

साथीत रोग्याला वेगळे ठेवणे हा उपाय खोटा नव्हता. पण तो जुलमाने केला. मग काय झाले? लोक रोगी लपवू लागले. रोगी लपला की रोग लपतो आणि लपलेला रोग पसरतो. लोकांचा संताप वाढला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

त्याच साथीत दुसऱ्या तऱ्हेची माणसेही होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना काढला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांनाही प्लेग झाला. १० मार्च १८९७ ला त्या वारल्या. लोकमान्य टिळकही पुणे सोडून गेले नाहीत. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात प्लेगच्या रोग्यांसाठी रुग्णालय निघाले.

प्लेग कशाने पसरतो, हे तेव्हा नीट ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरच्या पिसवा तो माणसाला देतात, हे सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवले. त्याच्या आधीच, १८९७ च्या जानेवारीत, हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली होती. ती त्याने प्रथम स्वतःला टोचून घेतली.

आता दुसरी साथ पाहू. ही आपण सर्वांनी पाहिली आहे. कोरोना! ३० जानेवारी २०२० ला देशातला पहिला रोगी केरळात सापडला. त्याचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासला होता. ९ मार्च २०२० ला पुण्यातच रोगी सापडले. महाराष्ट्रातले ते पहिले. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. कामगार पायी गावाकडे निघाले. कित्येक गावांनी वेशीवर काटे टाकले. त्या वर्षी माउलींच्या पादुका एसटीने पंढरपुरास गेल्या. पुण्यात गणपतीची मोठी मिरवणूक निघाली नाही.

हा रोग श्वासातून पसरतो. म्हणून तोंडावर मास्क आणि माणसांत अंतर. साबण कशाला? कोरोनाच्या विषाणूवर चरबीचे पातळ वेष्टन असते. साबणाने तेलकट भांडे निघते ना? तसेच ते वेष्टन फुटते आणि विषाणू मरतो.

आता आमची एक चूक सांगतो. आम्ही मुलांना जन्मभर शहाणपण शिकवले, पण त्या वेळी आमचेच शहाणपण गेले. आमच्या वाड्यात एक बाई राहतात. एका रुग्णालयात आया म्हणून कामाला जातात. वाड्यातल्या लोकांनी त्यांना सामाईक नळावर यायला मना केले. त्या आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, मी सगळ्यांच्या मागून येते. घागरभर पाणी तरी घेऊ द्या." आम्ही एक शब्द बोललो असतो तर लोकांनी ऐकले असते. आम्ही खिडकी लावून घेतली.

पुढे २०२१ मध्ये दुसरी लाट आली. रुग्णालयात खाट मिळेना, प्राणवायू मिळेना. तेव्हा आम्हाला ताप आला. लोक काय म्हणतील, म्हणून तीन दिवस आम्ही तो लपवला. खोकला ऐकून त्याच बाई दारात आल्या. तोंडाला मास्क होता. म्हणाल्या, "गुरुजी, बोट पुढं करा." बोटाला यंत्र लावले. आकडा ८८ आला. तो ९५ च्या आसपास किंवा वर हवा. त्यांनीच धावपळ करून आम्हाला दवाखान्यात पोचवले. नळाची गोष्ट त्यांनी काढली नाही. बरे होऊन आल्यावर ती आम्हीच काढली आणि वाड्यासमोर क्षमा मागितली.

१८९७ साली लोकांनी शिपायाच्या भीतीने रोगी लपवले. आमच्या वेळी शेजाऱ्याच्या भीतीने आम्ही ताप लपवला. शिपाई गेला, पण भीती राहिली. रोग्याला गुन्हेगार समजले की असे होते.

लसीचे पाहा. १६ जानेवारी २०२१ पासून देशात लस देणे सुरू झाले. त्यातली एक लस इंग्लंडात शोधलेली. ती हडपसर-मांजरी भागातल्या कारखान्यात तयार होऊन देशभर गेली. सावित्रीबाईंनी जिथे रोग्यांची सेवा केली, त्याच हडपसरच्या परिसरातून!

५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे सांगितले. पण साथी पुन्हा येतात. म्हणून इतके लक्षात ठेवा. ताप लपवू नका. खोकताना तोंड झाका. साबणाने हात धुवा. सरकारी दवाखान्यात विचारून लस घ्या. शेजारी आजारी पडला तर चार हात अंतर ठेवा, पण त्याच्या उंबऱ्यावर भाकरी आणि पाण्याची घागर ठेवून या.

प्रश्न
१. १८९७ साली लोक रोगी का लपवू लागले?
२. प्लेग आणि कोरोना कसकसे पसरतात?
३. तुमच्या गावात कोरोनाच्या वेळी कोणाला वाळीत टाकल्यासारखे झाले का? आपसात बोला.