परसातील संत्रा व लिंबाच्या झाडांचे ऊन व किडींपासून संरक्षण

अमरावती जिल्ह्यातील वरूड व मोर्शी हे तालुके संत्र्यासाठी प्रसिद्ध आहेत. अकोला भागात कागदी लिंबाची लागवड होते. बागांखेरीज अनेक घरांच्या परसातही या जातीची दोन-चार झाडे असतात. संत्र्याचे कलम लावल्यापासून समाधानकारक फळ हाती येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. परंतु दुर्लक्ष झाल्यास एकच उन्हाळा हे सर्व श्रम वाया घालवितो. २०१९ च्या उन्हाळ्यात वरूड-मोर्शी भागातील अनेक बागा पाण्यावाचून वाळल्या. परसातील झाडे मात्र थोडक्या पाण्यावर व घरच्या साधनांनी वाचविता येतात. त्यासाठी एकच सूत्र ध्यानात ठेवावे : मुळे ओली व थंड असावीत, खोड कोरडे व उन्हापासून झाकलेले असावे.

उन्हापासून बचाव

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपारनंतरचे ऊन दक्षिण व पश्चिम बाजूंच्या सालीवर पडून साल तडकते व त्या भेगांतून रोगाचा शिरकाव होतो. म्हणून खोड उघडे पडेल अशी छाटणी उन्हाळ्यात करू नये. उन्हाळ्याच्या तोंडी खोडास चुन्याचा हात द्यावा. लहान कलमांना दक्षिण-पश्चिमेकडून तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा करावा.

पाणी दुहेरी आळे करून द्यावे. आतील आळ्यात खोडाभोवती मातीची भर ठेवावी व पाणी केवळ बाहेरील आळ्यात सोडावे. झाडाची अन्न घेणारी बारीक मुळे तेथेच असतात. खोडाशी पाणी साचल्यास डिंक्या रोग होतो. आळ्यात कुटार किंवा वाळलेले गवत तीन-चार इंच जाडीने पसरावे. ते खोडास चिकटू देऊ नये. पाणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी द्यावे.

बोर्डो मलम

डिंक्या रोगात सालीतून डिंक पाझरतो. रोगट साल धारदार चाकूने खरवडून तेथे बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, अशी दोन्ही द्रावणे मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत निरनिराळी करावीत. चुना थंड झाल्यावर ती एकत्र ढवळावीत. मिश्रणात लोखंडी विळा बुडविल्यावर त्यावर तांबूस थर बसल्यास आणखी चुना घालावा. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, असे वर्षातून दोनदा हे मलम जमिनीपासून तीन फुटांपर्यंत खोडास लावावे.

किडींची ओळख व उपाय

साल खाणारी अळी फांद्यांच्या बेचक्यात छिद्र करून दिवसा आत दडते व रात्री साल खाते. सालीवर भुसा व विष्ठेची जाळी दिसताच ती झाडून काढावी. छिद्रात तार घालून अळी मारावी. नंतर रॉकेलात भिजविलेला कापसाचा बोळा छिद्रात बसवून ते चिखलाने बंद करावे.

सायला ही बारीक कीड कोवळ्या पालवीतील रस शोषते. पाने पोखरणारी अळी पानांवर नागमोडी चंदेरी रेषा पाडते. लिंबावर अशा जखमांतून खैऱ्या रोग वाढतो. पालवी फुटताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५०० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून गाळावी व एकूण १० लिटर द्रावण करावे. फवारणी सायंकाळी करावी, म्हणजे मधमाश्यांना बाधा होत नाही.

लिंबावरील फुलपाखराची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर ती हिरवी होते. दोन-चार झाडांवरील अळ्या हाताने वेचणे हाच उत्तम उपाय होय. ही अळी व सायला कढीनिंबावरही पोसतात. म्हणून परसातील कढीनिंबाचे झाडही त्याच वेळी तपासावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

मार्चमध्ये प्रत्येक वस्तीतील एका परसात दुहेरी आळे व आच्छादन करून दाखवावे आणि पावसाळ्यापूर्वी तेथेच बोर्डो मलम तयार करून लावून दाखवावे. घरच्या मंडळींनी आठवड्यातून एकदा खोड, बेचके व पालवी न्याहाळली, तर बहुतेक नुकसान आरंभीच थांबविता येते.